कार्ड बदलून मिळते का

माझ्या भाचीला मूल होईल की नाही, आणि झालं तर कसं होईल, यावर चार पुरुष तिच्याच समोर बसून चिवडा खात बोलले. त्या चारांतला एक तिचा सख्खा बाप होता.

मी वर्ध्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. एकटी राहते. पोरांना डीएनएची शिडी काढून दाखवता दाखवता केस पांढरे झाले, आणि स्वभाव तिखट आहे असं सगळे म्हणतात. आहे तर आहे. माझी धाकटी बहीण सेलूला दिली. ही तिची थोरली पोरगी, तिथल्याच एका शाळेत गणित शिकवते. तिला सिकलसेल आहे. आमच्या भागात या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगते. रक्तातल्या लाल पेशी गोल असायच्या, त्या विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात, आणि जिथे अडकतात तिथे दुखतं.

दुखतं म्हणजे कसं, हे मला पुस्तकातून कधीच कळलं नसतं. लहान असताना ही पोरगी उशीचा अभ्रा दातांत धरून पडायची. ओरडायची नाही. ओरडलं की आई रडते आणि आई रडली की बाबा चिडतात, हे तिला प्राथमिक शाळेतच समजलं होतं. थंडी वाढली, पाणी कमी प्यायलं गेलं, साधा ताप आला, एवढ्यातेवढ्यानं दुखणं उठतं. मग सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात भरती करायचं, सलाइन, इंजेक्शन. तिथल्या नर्सबाया तिला पाहिल्याबरोबर खाट दाखवतात. घोटे दुखतात म्हणून ती वर्गात खुर्चीवर बसून शिकवते. हेडमास्तरांनी एकदा टोमणा मारला तर म्हणाली, सर, उभं राह्यलं तर उत्तर बदलते का? अशी आहे ती. जीभ मावशीवर गेली, असं तिचा बाप म्हणतो, आणि ते काही कौतुकानं म्हणत नाही.

आता कार्डाचं सांगते. तपासणीच्या शिबिरात रक्त दिलं की आमच्याकडे कार्ड मिळतं. पांढरं म्हणजे काही नाही. पिवळं म्हणजे वाहक, स्वतःला त्रास नाही पण दोष अंगात आहे. लाल म्हणजे रोगी. दोन पिवळ्यांनी लग्न केलं तर लाल मूल होऊ शकतं, म्हणून लग्नाआधी कार्डं पाहा, असं सांगितलं गेलं, आणि चांगल्यासाठीच सांगितलं गेलं. पण आपल्या लोकांच्या हाती शहाणपणाची गोष्ट दिली की तिचं काय करून ठेवतील याचा नेम नाही. माझे आजोबा छप्पन साली नागपूरला गेले, दीक्षा घेऊन आले आणि घरातले देव नदीत सोडून मोकळे झाले. त्यानंतर आमच्यात कोणी मुहूर्त पाहिला नाही, पत्रिका मांडली नाही, गुण जुळवले नाहीत. त्याचा आम्हाला केवढा अभिमान! आणि आज त्याच घरात पाहुणे आले की चहाच्या आधी कार्डं निघतात. पोरीचं लाल निघालं की कप तसाच ठेवून उठतात. पोराचं लाल असलं तर कार्ड घरीच राहून गेलेलं असतं.

भाचीला अशी बरीच स्थळं येऊन गेली. पुलगावचं एक जरा बरं वाटलं होतं, पण पोराचं कार्ड पिवळं आणि हिचं लाल, त्यामुळे तेही फिसकटलं. ती हसून सांगायची, मावशी, लाल सिग्नल पाहून बाकीच्या गाड्या थांबतात, माह्यावाल्या पळतात.

मागच्या पावसाळ्यानंतर तिच्या डॉक्टर मॅडमनी आम्हाला एक बातमी दिली. एका मोठ्या शहरातल्या दवाखान्यात या आजारावर जनुक-संपादनाच्या उपचाराची चाचणी सुरू होणार होती, आणि त्या हिचं नाव सुचवू शकत होत्या. निवड होईलच असं नाही, झाली तर गुण येईलच असंही नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी सेलूला जाऊन बहिणीला आणि भाऊजींना, म्हणजे पोरीच्या बापाला, कागदावर काढून समजावलं. पेशंटच्याच मूळपेशी काढून घेतात. प्रयोगशाळेत एक रेणूची कात्री असते, ती नेमक्या जागी जनुक कापते. आईच्या पोटात असताना आपल्याला वेगळं हिमोग्लोबिन असतं, जन्मानंतर ते बंद होतं. त्याचं बटण पुन्हा चालू करता येतं, म्हणजे पेशी वाकड्या होत नाहीत. मग पेशंटला कॅन्सरवाल्यांसारखं कडक औषध देऊन हाडातली जुनी मज्जा रिकामी करतात, आणि सुधारलेल्या पेशी परत सोडतात. केस जातात, तोंड येतं, कित्येक आठवडे वेगळ्या खोलीत राहावं लागतं. त्या औषधानं मूल होण्याची क्षमता जाऊ शकते. सोबत घरचं एक माणूस कित्येक महिने तिकडे लागतं.

भाचीनं सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, त्यानंतर दुखत नाही का? मी म्हटलं, ज्यांना लागू पडलं त्यांचं बहुतेक थांबलं, असं दिसतं. तिचा चेहरा मी पाहिला तेव्हा मला वाटलं, ही पोरगी उद्या पायी निघायला सांगितलं तरी निघेल.

भाऊजींनी मात्र त्या सगळ्यातून भलतंच काढलं. दुसऱ्याच दिवशी ते आरोग्य केंद्रात गेले आणि तिथल्या बाईंना विचारलं, इलाज झाल्यावर लाल कार्ड जमा करून पांढरं मिळते का? जुनं कार्ड किती दिवस आधी द्यावं लागते? रेशन कार्ड बदलून घ्यावं तसं. त्या बिचारीला असा प्रश्न आजवर कोणी विचारला नसेल. ती म्हणाली, वर विचारून सांगते. घरी येऊन भाऊजींनी हे आपल्या मोठ्या भावाच्या कानावर घातलं. हे मोठे भाऊ, म्हणजे पोरीचे मोठे बाबा, साहेब म्हणून रिटायर झालेले. घरात कोणाला शिंक आली तरी यांचं मत घ्यावं लागतं. वर विचारून सांगते, याचा अर्थ मिळते, असा त्यांनी लावला आणि समाजात सांगूनही टाकलं. आणि काय, पुलगावचे पाहुणे परत दारात हजर.

तो रविवार. बैठकीत पुलगावचा पोरगा, त्याचा बाप, मोठे बाबा आणि भाऊजी. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर, कारण शिकलेली साळी घरात असल्याचं दाखवायचं होतं. बहीण आत चहा करत होती. भाचीला समोर बसवलं होतं. त्या दिवशी तिचा घोटा ठणकत होता, हे मला तिच्या बसण्यावरून कळलं. बाकी कोणाला कळलं नाही, की कळून घ्यायचं नव्हतं, कोण जाणे.

पोराचा बाप फार गोड बोलत होता. मागं आम्ही नाही म्हटलं ते मनात ठेवू नका, आता विज्ञानानं इलाज काढला तर आमची ना नाही. आधी इलाज होऊ द्या, नवं कार्ड हातात येऊ द्या, मग साखरपुडा. जणू पंक्चर काढून आणलेली सायकल घ्यायची होती त्याला. पोरगा मान खाली घालून मोबाईल चाळत होता. एकदाही त्यानं तिला विचारलं नाही की बाई, तुझी तब्येत कशी आहे.

मग त्या गृहस्थांनी बशीतले शेंगदाणे वेचत मला विचारलं, "मॅडम, म्या असं ऐकलं का ते लोक आतलं जनुकच उघडतात. मंग उघडलंच हाय तर रंगबी थोडा उजळ करून देतात का?"

मला वाटलं गंमत करतायत. गंमत नव्हती. मी बोलायच्या आत मोठ्या बाबांनी गंभीर चेहऱ्यानं माहिती पुरवली की ते पुढच्या टप्प्यात होईल, परदेशात तर गर्भातच बदल करतात, हवं तसं मूल काढतात. त्यांनी ते व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलं होतं. मी सांगितलं की ज्या शास्त्रज्ञानं गर्भात बदल करून जुळ्या पोरी जन्माला घातल्या, त्याला तुरुंगात टाकलं गेलं. त्या पोरींच्या अंगात काय काय चुकून कापलं गेलं असेल ते धड कोणाला माहीत नाही, आणि त्यांना कोणी विचारलंही नव्हतं. मोठे बाबा म्हणाले, सुरुवातीला असं होतच असते.

होतच असते! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्यांच्या बापजाद्यांना कुठल्या घरी जन्मले एवढ्यावरून विहिरीपासून हाकललं, ती माणसं सोफ्यावर बसून कोणत्या रंगाचं मूल जन्माला यावं याची ऑर्डर देत होती. कातड्याच्या रंगाची लाज आपण कोणाकडून शिकलो, हे यांना आठवत नाही का? आपल्या आजोबांनी देव सोडले, पण दुसऱ्याच्या जन्मात खोट काढायची ही घाण सवय काही सुटली नाही. मला त्या खोलीची, त्या चिवड्याची, त्या माणसाच्या तेलकट बोटांची किळस आली.

यानंतर गाडी मूल होण्यावर आली. औषधानं पोरीचं मूल होणं बंद पडलं तर? मोठ्या बाबांकडे याचंही उत्तर होतं. आधीच तिची बीजं काढून बर्फात ठेवतात म्हणे. मग किती काढतात, किती वर्षं टिकतात, त्यातून पोरगाच होईल असं पाहता येतं का, अशी चर्चा सुरू झाली. भाऊजी प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. माझी भाची जमिनीकडे पाहत बसली होती, आणि तिच्या पोटाविषयी हे लोक असे बोलत होते जसं ती खोलीत नाहीच. आतून कपांचा आवाज बंद झाला होता. बहीण दाराआड उभी राहून ऐकत होती.

मी उठले. मी म्हटलं, एक गोष्ट नीट ऐकून घ्या. हा उपचार रक्तापुरता आहे. तिच्या हाडांच्या मज्जेतल्या पेशी बदलतील, तिच्या बीजांतलं काही बदलणार नाही. ती बरी झाली, ठणठणीत झाली, तरी मुलाला तिच्याकडून दोषाचं जनुकच जाणार. आणि तुमचा पोरगा पिवळा आहे. म्हणजे प्रत्येक मुलाच्या वेळी लाल निघण्याची शक्यता निम्मी. कार्ड बदलून मिळत नाही.

भाऊजी मला डोळ्यांनी खुणावत होते, गप्प बस, गप्प बस. त्यांना हे मी आधी कागदावर काढून दाखवलं होतं, म्हणजे त्यांना माहीत होतं. लग्न लागेपर्यंत पाहुण्यांना कळू द्यायचं नव्हतं, एवढंच.

पोराच्या बापानं बशी खाली ठेवली. रुमालाला बोटं पुसली. "मंग फायदा काय मॅडम?" असं म्हणाले आणि पोराला उठ म्हणून खूण केली. फार शांतपणे म्हणाले. माझी भाची समोर बसलेली असताना.

त्या माणसाचं मी समजू शकते, तो परका. पण पाहुण्यांना फाटकापर्यंत सोडून भाऊजी परत आले, चपला काढल्या, आणि बहिणीकडे पाहून बोलले, "मंग कायले न्यायचं तिले तिकडं? एवढे हाल कायसाठी?"

तिच्या दुखण्याची किंमत या घरात काहीच नव्हती. रात्ररात्र अभ्रा चावणारी पोरगी यांनी डोळ्यांनी पाहिली होती, आणि इलाज करायचा तो स्थळासाठी! स्थळ गेलं तर इलाजही गेला. मी जे बोलायचं ते बोलले, तोंड सोडूनच बोलले. मोठे बाबा म्हणाले, मॅडम, तुमच्या शिक्षणानं पोरीचं वाटोळं केलं. मी म्हटलं, तुमच्या तोंडाला लागणं म्हणजे चिखलात दगड मारणं आहे, आणि पर्स उचलून निघाले. भाची फाटकापर्यंत आली. लंगडत आली. माझ्या ओढणीला लागलेलं काहीतरी झटकलं आणि आत गेली.

नंतर डॉक्टर मॅडमचा फोन आला की नाव पाठवायचं का. पोरगी सज्ञान आहे, सही तिची चालते. पण सोबत महिनोन्‌महिने कोण राहणार, घरी परतल्यावर कोण सांभाळणार, हे त्यांना कळायला हवं होतं. मी म्हटलं, मी रजा टाकते. तर माझी सख्खी बहीण मला हात जोडून म्हणाली, तू मधी पडू नको, हे आणखी चिडतील, मले याच घरात राह्यचं हाय. नाव तसंच अडकून पडलं.

हिवाळ्यात तिचं दुखणं उठलं, आणि या वेळी छातीत उठलं. सावंगीला भरती केलं. मी कॉलेज सुटल्यावर रोज जाऊन बसायची. नाकाला ऑक्सिजन लावलेला, ओठ सुकलेले, आणि बोटं चादरीवर सारखी काहीतरी मोजत असायची. दुखायला लागलं की ती मनातल्या मनात पाढे म्हणते, सतराचा, एकोणीसचा, अवघड अवघड. मला हे त्या वॉर्डात पहिल्यांदा कळलं.

एका दुपारी भाऊजी आले ते अगदी खुशीत. हातात फळांची पिशवी. मला वाटलं, पोरीचा श्वास सुधारला म्हणून खूश आहेत. तसं नव्हतं. हिंगणघाटकडून एक स्थळ आलं होतं. माणूस बिजवर, बायको वारलेली, एक लहान मुलगी. पण कार्ड पांढरं! भाऊजींनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घेतलं होतं. म्हणाले, ताई, तुम्हीच सांगितलं होतं ना, पांढऱ्याशी केलं तर मुलं फक्त पिवळी होतील, लाल एकही नाही? तर त्या लोकांचं म्हणणं, पोरगी आधी बरी होऊन यावी, लेकराचं करायला अंगात ताकद पाहिजे. म्हणून आता तिला पाठवायला आपली हरकत नाही. डॉक्टर मॅडमला आजच सांगून टाका.

लेक समोर नळ्या लावून पडलेली. तिचं कण्हणं ऐकून याला जे सुचलं नाही, ते पांढऱ्या कागदाच्या एका तुकड्यानं सुचलं. माझ्या तोंडावर आलं होतं सगळं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात भाचीनं नाकावरची नळी सारखी केली आणि म्हणाली, "जाईन मी, बाबा. तुम्ही म्हणता तसं."

भाऊजींनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, खोटं नाही सांगत. मग फोन काढून ते व्हरांड्यात गेले.

ती मला जवळ बोलावून हळूच म्हणाली की लग्न ती करणार नाही. त्याच्याशीही नाही, कोणाशीच नाही. बरी झाली तर आपली नोकरी करेल, आपलं आपण राहील. पण ती परत येईपर्यंत हे कोणाला कळता कामा नये, कारण कळलं की बाबा पुन्हा अडवतील आणि आई त्यांच्या मागं उभी राहील. मी म्हटलं, अगं, त्या माणसाला फसवणं नाही का हे? त्याच्या घरात आई नसलेलं लेकरू आहे, ते वाट पाहील. मी खरं बोलणारी बाई, पुलगावच्या लोकांसमोर मी खरंच बोलले होते ना?

श्वास जुळवायला तिला वेळ लागला.

"मावशी, मले दुखते. सगळ्याइले माह्या पोटचे पोट्टे दिसून राह्यले, जे झालेच नाई अजून. मी कोणाले दिसत नाई. तुलेबी नाई. तू त्या दिवशी निम्मी-निम्मी सांगत बसली. दुखणं थांबते, हे सांगितलं का तू कोणाले?"

नव्हतं सांगितलं. खरंच नव्हतं सांगितलं. मी चार माणसांपुढे उभी राहून अचूक विज्ञान सांगितलं, आणि तेही तिच्या मुलांविषयीच होतं.

बाहेर भाऊजी मोठ्यानं बोलत होते, हो हो, पोरगी तयार हाय, एकदम तयार हाय, लेकराले सांगा तुले आई येऊन राह्यली म्हणून. मला त्यांची शिसारी आली, आणि माझीही आली. मी भाचीच्या हातावर हात ठेवला आणि एक शब्द बोलले नाही.